देवगडच्या आंबा-कचेरीत स्वतःचा क्लाउड: डॉकरवर नेक्स्टक्लाउड बसवताना कुठे अडकायला होतं?

प्रश्न थोडक्यात असा: देवगड तालुक्यात आठ-दहा बागायतदारांची सामाईक कचेरी आहे. फवारणीच्या नोंदी, पेट्यांची बिलं, कलमांचे फोटो आणि निर्यातीचे कागद आज चार जणांच्या फोनमध्ये विखुरलेत. ८ जीबी रॅमचा मिनी पीसी, त्यात २४० जीबीची एसएसडी, शिवाय २ टीबीची यूएसबी डिस्क हाताशी आहे. फायबर आहे, इन्व्हर्टर आहे. डॉकरवर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या सुट्या डब्यांत चालवणारं साधन) नेक्स्टक्लाउड (फाइल्स आपल्याच मशीनवर ठेवून सगळ्यांना वापरू देणारा प्रोग्रॅम) बसवायचा तर सुरुवात कुठून करावी?

बसवणं एका दुपारचं काम आहे. गोची होते ती दोन महिन्यांनी, रात्री लाईट जाऊन पहाटे आली की. म्हणून सगळी मांडणी लाईट जाणारच हे धरून करा. कंटेनर कधीही फेकून नवा करता येतो. जपायच्या गोष्टी तीनच: डेटाबेस, फाइल्स आणि कंपोज फाइलीसह (कुठले कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी फाइल) सेटिंग. (आज्ञा आणि नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.)

दहा माणसांना ८ जीबी रॅम पुरते. फक्त ब्राउझरमध्ये वर्ड-एक्सेल उघडणारं ऑफिस त्याच मशीनवर लगेच चढवू नका. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) एसएसडीवर टाका, डेस्कटॉप नको. डेबियनच्या भांडारातलं डॉकर जुनं असतं, ते न घेता डॉकरच्या स्वतःच्या भांडारातून इंजिन आणि कंपोज प्लगइन घ्या. जुन्या लेखांत डॉकर आणि कंपोजमध्ये आडवी रेघ दिसेल. ती पहिली आवृत्ती २०२३ सालीच बंद झाली, आता मधे मोकळी जागा असते.

२ टीबीची डिस्क दुकानातून एनटीएफएस किंवा एक्सएफएट होऊन येते. तशीच वापरलीत तर मालकी-परवानग्या नीट बसत नाहीत आणि नेक्स्टक्लाउड पहिल्याच पानावर रडतो. आत काही असेल तर बाहेर काढा, एक्स्ट४ (लिनक्सची डिस्क-रचना) करा आणि डेटाचा फोल्डर ३३ क्रमांकाच्या वापरकर्त्याच्या नावे करा. डेबियनवर आधारलेल्या इमेजमध्ये (कंटेनर जिच्यावरून बनतो तो साचा) वेब सर्व्हरचा वापरकर्ता ३३ असतो, अल्पाइनवाल्या इमेजमध्ये ८२. इमेज मधेच बदलली की परवानग्या बिघडतात त्या यामुळे.

कंटेनर चार: नेक्स्टक्लाउडची अपाचेवाली इमेज, पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (वेगासाठी तात्पुरती साठवण) आणि क्रॉन (ठरल्या वेळी कामं करणारा). क्रॉन म्हणजे नेक्स्टक्लाउडचीच इमेज, फक्त सुरुवातीची आज्ञा क्रॉनच्या स्क्रिप्टची. तिला फोल्डर मात्र ॲपचेच द्यायचे. हा चौथा कंटेनर बरेच जण गाळतात आणि मग कचरापेटी रिकामी का होत नाही, सूचना का येत नाहीत ते शोधत बसतात. इमेजपुढे ‘लेटेस्ट’ लिहू नका. पोस्टग्रेस १६ लिहिलं की १६च राहतं. लेटेस्टवर एक दिवस नवी मोठी आवृत्ती उतरते, जुन्या आवृत्तीचा डेटा तिला वाचता येत नाही आणि डेटाबेस उठतच नाही.

डेटाबेसचा पासवर्ड एन्व्ह फाइलीत (कंपोजशेजारची सेटिंगची फाइल) पहिल्या सुरुवातीआधी नीट ठरवा. पोस्टग्रेसची इमेज तो फक्त रिकाम्या फोल्डरवर पहिल्यांदा उठताना वाचते. नंतर फाइलीत बदलून दहा वेळा रीस्टार्ट केलंत तरी आतला पासवर्ड जुनाच.

आता डिस्कबद्दल सावकाश, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

पहाटे लाईट येते. मिनी पीसी वीस सेकंदांत उठतो, यूएसबी डिस्कला फिरायला वेळ लागतो. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) कोणीतरी ‘नोफेल’ लिहिलेलं असतं, म्हणून मशीन डिस्कसाठी न थांबता पुढे जातं आणि डॉकर सुरू होतो. डिस्क जिथे जोडली जायची ती जागा या क्षणी एसएसडीवरचा रिकामा फोल्डर आहे. कंटेनर तोच उचलतो. नंतर डिस्क जोडली गेली तरी चालू कंटेनरला ती दिसत नाही, तो रिकामाच फोल्डर धरून बसतो.

पुढे काय होतं ते तुम्ही काय कुठे ठेवलं त्यावर आहे. नेक्स्टक्लाउडचा सगळाच फोल्डर मोठ्या डिस्कवर असेल तर तो स्वतःला कोराकरकरीत समजतो आणि ‘ॲडमिन खातं तयार करा’ असं पान दाखवतो. कचेरीतलं कोणीतरी ते भरतं, आणि मग गुंता. प्रोग्रॅम व सेटिंग एसएसडीवर आणि फक्त डेटा फोल्डर डिस्कवर असेल तर डेटाची जागा चुकीची असल्याचा लाल मजकूर येतो आणि काम तिथेच थांबतं. दुसरी मांडणी करा. डेटाबेसही एसएसडीवरच.

त्या लाल मजकुरात लिहिलेलं असतं की डेटा फोल्डरच्या मुळाशी ओसीडेटा नावाची दडलेली फाइल हवी. नव्या आवृत्त्यांत तिचं नाव एनसीडेटा. ती फाइल हाताने बनवून चूक मिटवण्याचा मोह होतो. करू नका. रिकाम्या फोल्डरवर ती ठेवलीत आणि मागून कोणी सगळ्या फाइल्सचं स्कॅन चालवलं, की नेक्स्टक्लाउड नोंदीतून सगळं काढून टाकतो. मग सिंक लावलेले लॅपटॉप प्रामाणिकपणे आपल्याकडच्या प्रतीही पुसतात.

बंदोबस्त तिहेरी. एफएसटॅबमध्ये डिस्क यूयूआयडीने (डिस्कच्या कायम ओळखक्रमांकाने) लिहा. ‘नोफेल’ राहू द्या, नाहीतर डिस्क मेली त्या दिवशी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं आणि जोडायला कीबोर्ड कोणाकडेच नसतो. मग सिस्टमडीत (लिनक्समधल्या सेवा उठवणारा भाग) डॉकरच्या सेवेला एक ड्रॉप-इन (जोड-सेटिंगची छोटी फाइल) जोडा आणि त्याच्या युनिट भागात ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ ही ओळ त्या जागेच्या पत्त्यासह लिहा. आता डिस्क जोडली गेल्याशिवाय डॉकर उठणार नाही. साइट बंद दिसेल, आणि अशा वेळी ती बंद दिसलेलीच बरी. तिसरं म्हणजे डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर प्लस आय (फोल्डरला कुलूप लावणारी आज्ञा) चालवा. मग रूटसुद्धा (मशीनचा सर्वाधिकारी) तिथे काही लिहू शकत नाही, डिस्क जोडल्यावर मात्र काहीच अडत नाही.

कंपोजमधल्या ‘डिपेंड्स ऑन’वर फार विसंबू नका. तो क्रम फक्त तुम्ही कंपोज अप म्हणता तेव्हा पाळला जातो. लाईट येऊन मशीन स्वतः उठलं की डॉकर रीस्टार्टच्या धोरणाप्रमाणे सगळ्यांना एकदमच उठवतो. अर्धा मिनिट डेटाबेसची तक्रार दिसली तर हातघाईवर येऊ नका.

इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि इन्व्हर्टर असं निवडायचं बटण असतं. ते यूपीएसकडे हवं. त्या बाजूला अदलाबदल झटकन होते आणि व्होल्टेज फार पडलं की तो आधीच बॅटरीवर जातो. दुसऱ्या बाजूला पंखे-दिवे चालतात पण मिनी पीसी मधेच दचकून रीस्टार्ट होतो. फायबरच्या डब्याचा अडॅप्टरही त्याच बोर्डवर घ्या. मिनी पीसी, डिस्क आणि डबा मिळून ३० वॉटच्या आसपास खातात, म्हणजे एका पंख्याच्या निम्म्याहून कमी. लाईट बराच वेळ गेली की बॅटरी संपवतात ते पंखे, पण बळी सर्व्हरचाही जातो.

म्हणून बॅटरी संपायच्या आत सर्व्हरने स्वतःहून झोपायला हवं. घरगुती इन्व्हर्टरला यूएसबीची तार नसते, त्यामुळे लाईट गेल्याचं मशीनला कळत नाही. त्यावर स्वस्त उपाय आहे: एखादा जुना वायफाय राउटर इन्व्हर्टरवर नसलेल्या प्लगमध्ये लावून मुख्य राउटरला केबलने जोडा आणि त्याला ठरलेला आयपी द्या. सर्व्हरवर दर मिनिटाला त्याला पिंग करणारी स्क्रिप्ट ठेवा. सलग २० वेळा उत्तर नाही आलं की कंपोज स्टॉप, आणि मग शटडाउन.

इथे आणखी एक मेख आहे. बायोसमध्ये (मशीनचं मुळातलं सेटिंग) ‘लाईट आल्यावर चालू हो’ असं लावलेलं असतं, पण इन्व्हर्टर चालूच राहिला तर मशीनच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही. लाईट येते, सर्व्हर मात्र झोपलेलाच. त्यामुळे साधं शटडाउन न देता आरटीसीवेक वापरा: मोड ऑफ, सेकंद ७२००. मशीन बंद होतं आणि दोन तासांनी आपण होऊन उठतं. लाईट नसेल तर २० मिनिटांनी पुन्हा झोपतं. काही स्वस्त बोर्डांवर हे घड्याळ ऐकत नाही, म्हणून आधी ३०० सेकंद देऊन पाहा. बायोसमधलं लाईट आल्यावरचं सेटिंगही राहू द्या, इन्व्हर्टर पूर्ण उतरला त्या दिवशी तेच कामी येतं. डॉकर थांबवताना कंटेनरला मुळात १० सेकंदच देतो आणि मग गळा दाबतो; पोस्टग्रेससाठी कंपोज फाइलीत थांबण्याची मुदत एक मिनिट करा.

खारा वारा हळू काम करतो. लॅनचा पिन, रॅमच्या कडा आणि यूएसबीचं तोंड यांवर हिरवट-पांढरा थर धरतो आणि मग मशीन कधी उठतं, कधी नाही. मशीन समुद्राच्या बाजूच्या खिडकीत किंवा पडवीत ठेवू नका. आतल्या खोलीत, जमिनीपासून तीन-चार फूट वर, भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवा. पावसाळ्यात वापर नाही म्हणून बंद करून ठेवणं उलट वाईट, कारण चालू मशीन कोमट राहतं आणि आत दमट साचत नाही. दिवाळीनंतर एकदा रॅम काढून कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अडॅप्टरच्या फटींत मुंग्या आणि पाली शिरतात, तोही जमिनीवर टाकू नका.

विजेच्या गडगडाटाला फायबर सुरक्षित असं धरलं जातं, पण बाहेरून येणाऱ्या केबलीत आधारासाठी बहुधा पोलादी तार असते. ती घराबाहेरच तोडून थांबवलेली आहे ना बघा. जांभ्याच्या सड्यावर अर्थिंग नीट लागत नाही. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते काम करा, सर्ज प्रोटेक्टरचा खर्च त्यानंतर.

नेटकडे वळू. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामाईक पत्त्यामागे आहात आणि पोर्ट फॉरवर्ड कितीही केलंत तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. फक्त आपल्याच माणसांना वापरायचं असेल तर प्रत्येक फोनवर टेलस्केल (आपलं खासगी जाळं जोडणारं ॲप) टाका आणि विषय संपवा. पण निर्यातदाराला फवारणीच्या नोंदींची लिंक पाठवायची असेल तर बाहेर एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घ्या. १ जीबी रॅमचा पुरतो. त्यावर कॅडी (वेब सर्व्हर) बसवा, कचेरीपर्यंत वायरगार्डचा (व्हीपीएनचा एक प्रकार) बोगदा काढा. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र कॅडी स्वतः आणतो आणि स्वतः नवं करतो. कचेरीच्या टोकाला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ लिहायला विसरू नका, नाहीतर थोडा वेळ शांत गेला की बोगदा बाहेरून बुजतो.

यात तीन ठिकाणी पाय घसरतो. लॉगिनचं पान उघडतं पण मोठा फोटो चढताना अडकतो: एमटीयू (बोगद्यातून एका वेळी जाणाऱ्या पुडक्याचं माप) मोठा आहे, दोन्ही टोकांना १२८० करा. लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनच, किंवा पत्ता एचटीटीपीवर घसरतो: नेक्स्टक्लाउडच्या सेटिंगमध्ये ओव्हरराइट प्रोटोकॉल एचटीटीपीएस केलेला नाही. आणि सगळ्यांनाच अचानक लॉगिन फार मंद होतं: ट्रस्टेड प्रॉक्सीमध्ये (विश्वासातल्या मधल्या सर्व्हरांची यादी) व्हीपीएसचा बोगद्यातला पत्ता नाही, त्यामुळे नेक्स्टक्लाउडला सगळी माणसं एकाच आयपीवरून आलेली दिसतात, आणि एकाने चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की शिक्षा दहाही जणांना.

डॉकरने उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू (डेबियनवरची फायरवॉल) अडवत नाही, हेही ध्यानात असू द्या. डॉकर आपले आयपीटेबल्सचे नियम त्याच्या आधी घालतो. म्हणून कंपोज फाइलीत पोर्टच्या आधी बोगद्यातला पत्ता लिहा, उदाहरणार्थ १०.८.०.२, मग ८०८०, मग ८०. नुसतं ८०८० लिहिलं तर ते सगळ्या जाळ्यांवर उघडतं. पण वायरगार्ड उठायच्या आधी डॉकर उठला तर तो पत्ताच नसतो आणि कंटेनर पडून राहतो. त्याच ड्रॉप-इनमध्ये ‘आफ्टर’ची एक ओळ वायरगार्डच्या सेवेच्या नावाने टाका.

मराठी फाइलनावांचं एक वेगळंच दुखणं आहे आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत ते सापडणार नाही. एक्स्ट४मध्ये नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, ३ बाइट खातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. ‘वाडीतील सर्व बागायतदारांची फवारणी नोंद’ अशी लांबण लावून पुढे तारीख, नावं आणि ‘अंतिम’ जोडत ८५ चिन्हांपलीकडे गेलं की फाइल चढत नाही, आणि चुकीचा संदेश भलतंच काही सांगतो. दुसरं त्याहून फसवं. ‘शेतकऱ्यांची यादी’मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त देऊन मधे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइल्स दिसतात आणि शोधल्यावर एकच सापडते. कचेरीतल्या सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा, किंवा फाइलनावात ‘२०२५-०४ फवारणी’ असं आखूड आणि ऱ्या टाळून लिहायचं ठरवावं.

बॅकअपला जागा निवडताना २०२१ चा जुलै आठवा: २२ तारखेला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा कपाटातली डिस्क आणि टेबलावरचा संगणक एकाच पाण्यात होते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. त्यामुळे एक प्रत कचेरीत दुसऱ्या डिस्कवर, एक उंचावरच्या कोणा सभासदाच्या घरी आणि एक कोकणाबाहेर. साधन रेस्टिक. पहिली प्रत नेटवरून पाठवायची घाई नको. ३०० जीबीला २० एमबीपीएसच्या अपलोडवर ३३ तास लागतात, तेही नेट मधे न तुटता. बाहेरची पहिली प्रत डिस्कवर काढून जिथे चांगलं नेट आहे तिथून चढवा, पुढचे रोजचे बदल थोडेच असतात.

डेटाबेसचा फोल्डर चालू असताना नुसता कॉपी करू नका, ती प्रत उठेलच असं नाही. रात्री दोन वाजता मेंटेनन्स मोड (साइट तात्पुरती बंद) चालू, पीजीडंप (डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा), मग डंप, डेटा, सेटिंग आणि कंपोज फाइल रेस्टिकला, शेवटी मोड बंद. स्क्रिप्ट मधेच मेली तर मोड चालूच राहतो आणि सकाळी सगळे फोन करतात. म्हणून मोड बंद करायची आज्ञा ‘ट्रॅप’मध्ये (स्क्रिप्ट संपताना आपोआप चालणारी ओळ) बांधा. दिवसाच्या ७, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या १२ प्रती ठेवा, मागच्या हंगामाचं बिल पुढच्या हंगामात लागतं. रेस्टिकचा पासवर्ड कागदावर लिहून दोघांच्या कपाटात. तो हरवला तर प्रत असून नसल्यासारखी.

परत उभारणीची तालीम आगोटीच्या कामांतच धरा, पाऊस लागायच्या आधी. कुठलाही लॅपटॉप घ्या, डॉकर टाका, रेस्टिकने उतरवा, फक्त पोस्टग्रेस उठवा, डंप आत घाला, मग ॲप उठवा. पहिल्याच प्रयत्नात बहुतेक जण इथे अडतात: ‘ओसी ॲडमिन नावाचा वापरकर्ता नाही’. कारण नेक्स्टक्लाउड बसताना पोस्टग्रेसमध्ये आपला वेगळा वापरकर्ता तयार करतो, आणि पीजीडंप वापरकर्ते घेतच नाही. रोजच्या स्क्रिप्टमध्ये पीजीडंपऑल ‘रोल्स ओन्ली’ची एक ओळ वाढवा आणि उतरवताना ती फाइल आधी चालवा. मग एखादं जुनं बिल प्रत्यक्ष उघडून पाहा. नुसती फाइलींची यादी दिसली म्हणून समाधान मानू नका.

पोर्टेनर (डॉकर ब्राउझरमधून हाताळायचं साधन) हवाच का? आठवड्यातून एकदा डोकावणाऱ्याला सोयीचा आहे. पण तो डॉकरचं सॉकेट मागतो, आणि ते देणं म्हणजे मशीनची किल्लीच देणं. बसवलात तर बाहेरच्या पत्त्यावर कधीच उघडू नका. आपोआप अपडेट करणारे कंटेनर तर मुळीच नकोत. डॉकरचे लॉग मुळात अमर्याद वाढतात. डीमनच्या सेटिंगमध्ये १० एमबीच्या ३ फाइल्स अशी मर्यादा घाला आणि कंटेनर नव्याने बनवा, जुन्यांना ती लागू होत नाही.

छोटे सुरक्षा-अपडेट दर महिन्याला, बॅकअप झाल्यावर. मोठी आवृत्ती मार्च ते मे पेट्या चालू असताना बदलू नका, त्याला नोव्हेंबर बरा. नेक्स्टक्लाउड एका वेळी एकच मोठी पायरी चढतो, मधली गाळली तर कंटेनर तसं सांगून थांबतो, आणि चढल्यावर उतरता येत नाही. चढून झालं की लॉग शांत होईपर्यंत थांबा, कंटेनर मधे मारू नका. मग ओसीसीने (नेक्स्टक्लाउडचं आज्ञांचं साधन) राहिलेले इंडेक्स घाला आणि ॲडमिनच्या पानावरच्या पिवळ्या सूचना एकेक करून वाचा.